सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी: पीबीएलची माझी तयारीची यादी

पीबीएल, म्हणजे प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग, आधी लेक्चर न देता पोरांना एक प्रॉब्लेम द्यायचा आणि तो सोडवता सोडवता त्यांनी विषय शिकायचा, हे पुढच्या सेमिस्टरला करून बघायचंय असं स्टाफरूममध्ये चार-पाच जणांनी विचारलं, प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगून झालं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. मी सिव्हिलला हायड्रॉलॉजी, म्हणजे पाऊस-नदी-पुराचं शास्त्र, शिकवतो, वर्गात साठेक पोरं-पोरी, सगळी यादी त्या हिशोबाने आहे. तुमचा विषय वेगळा असेल तर बदलून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो प्रॉब्लेमला, निदान पंधरा दिवस आधी लिहून ठेवा. पहिल्या वर्षी मी "नाशिक शहराच्या पूरनियंत्रणासाठी उपाय सुचवा" असं दिलं आणि आठच्या आठ ग्रुपनी नेदरलँड्सच्या बंधाऱ्यांचे फोटो लावलेली पीपीटी आणली, गोदावरीचं नाव फक्त पहिल्या स्लाइडवर. पोरांना काय बोलणार, मी दिलेला तो निबंधाचा विषय होता. दुसऱ्या वर्षी असं लिहिलं: जून महिना, गंगापूर धरणातून एक थेंब सोडलेला नाही, दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीच्या पात्रातली मूर्ती, नाशिककर पूर तिच्यावरून मोजतात) पायालाही पाणी लागलेलं नाही, तरी तासाभराच्या पावसात सराफ बाजारात दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी चढलंय, दुकानदार विचारतायत हे आलं कुठून आणि पुढच्या वेळी किती येईल. बस, एवढंच, खाली प्रश्न नाहीत, मार्क नाहीत, "खालील मुद्द्यांच्या आधारे" तर अजिबात नाही.

हा का चालला ते सांगतो, कारण तुमचा प्रॉब्लेम निवडताना हेच बघायचंय. नाशिकचं पोरगं लहानपणापासून ऐकत आलंय की मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, 2008 चा पूर घरच्यांकडून ऐकलेला, 2016 आणि 2019 चे स्वतः बघितलेले, त्यामुळे पूर म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी हे डोक्यात फिट. इथे धरणच काढून घेतलं की पहिली पाच मिनिटं सगळे गप्प, मग कोणीतरी शहरातल्या सरस्वती नाल्याचं नाव काढतं, मग कोणी म्हणतं सगळीकडे काँक्रीट केलंय ना सर, आणि तिथून रनऑफ कोइफिशंट (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो), पावसाची तीव्रता, पाणी गोळा व्हायला लागणारा वेळ हे सगळं आपोआप लागतं. एका हेक्टरवर तासाला 36 मिलिमीटर पाऊस म्हणजे सेकंदाला 100 लिटर पाणी, त्यातलं काँक्रीटवरून 90 वाहून जाणार आणि बागेतून 20, हा हिशोब एका पोरीने स्वतः फळ्यावर मांडला आणि मागच्या बेंचवरचे "काय सांगते!" म्हणून पुढे आले. मी हेच दोन वर्षं स्लाइडवर दाखवत होतो, तेव्हा कोणी मान वर केली नव्हती.

लिहून झाला की आधी दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एखाद्या मित्राला चहावर वाचायला द्या. दहा मिनिटांत त्याने एकच उत्तर दिलं तर प्रॉब्लेम फेका, आणि "नक्की करायचं काय?" असं विचारलं तरी फेका. त्याने वाद घातला तर ठेवा. मोबाइलवर टाकून पहिल्या फटक्यात काय उत्तर येतं तेही बघून घ्या, पोरं तेच करणार आहेत.

मग एक पान फक्त स्वतःसाठी. सिलॅबसमधले कोणते चार-पाच टॉपिक या प्रॉब्लेममधून बाहेर यायलाच पाहिजेत ते लिहा, सीओ-पीओ (कोर्स आउटकम-प्रोग्रॅम आउटकम) मॅपिंगलाही हेच पान कामाला येतं. खाली प्रत्येक टॉपिकसाठी एक प्रश्न तयार ठेवा, ग्रुप अडकला की टाकायला. उत्तर नाही हं, प्रश्न. "तेच पाणी दोन तासांत पडलं असतं तर?" अशा टाइपचा. मला स्वतःला गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी शांतता सहन झाली नाही आणि मी वीस मिनिटं लेक्चरच देऊन टाकलं, मग पोरं निवांत वही काढून लिहायला लागली. आता हातात चहाचा कप धरूनच फिरतो, तोंडाला काम राहतं.

टाइमटेबलचं एचओडींशी आधीच बोलून ठेवा, हे शेवटच्या आठवड्यात होत नाही. एका प्रॉब्लेमला दोन-दोन तासांचे दोन स्लॉट लागतात आणि मध्ये दोन-तीन दिवस, माझे मंगळवार आणि शुक्रवार. मधल्या दिवसांतच खरा अभ्यास होतो. पीबीएलसाठी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिच्ट युनिव्हर्सिटीवाल्यांच्या सात पायऱ्या आहेत, अनोळखी शब्द समजून घ्या, प्रश्न नेमका काय ते ठरवा, सुचेल ते बोला, त्याची जुळवाजुळव करा, आपल्याला काय माहीत नाही याची यादी करा, घरी जाऊन वाचा, परत येऊन एकमेकांना सांगा. पहिल्या पाच मंगळवारी, सातवी शुक्रवारी. एका पानावर मराठीत प्रिंट काढून प्रत्येक टेबलावर चिकटवा. चर्चा मराठीत होऊ द्या, रिपोर्ट इंग्रजीत लिहायचाय तो लिहितील, पण इंग्रजीत बोला म्हटलं की निफाड-सिन्नरहून एसटीने येणारी निम्मी पोरं गप्प होतात आणि त्यांनाच शेतातलं पाणी कसं वाहतं ते जास्त माहीत असतं.

ग्रुप तुम्हीच पाडा, दोस्तांचे पडू देऊ नका. सात-आठ जणांचा एक, त्यात एक चेअर, एक लिहिणारा, दर प्रॉब्लेमला बदलायचे. ही पद्धत 1969 ला कॅनडात मॅकमास्टरच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू झाली, तिथे छोट्या ग्रुपला एक ट्यूटर असा थाट, आपल्याकडे आठ ग्रुपला मी एकटा. त्यामुळे एमईची (पदव्युत्तरची) दोन पोरं आधीच पटवून ठेवतो, त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास बसवून ते स्वतःसाठीचं पान दाखवतो आणि एकच सांगतो, उत्तर सांगायचं नाही. फिक्स बेंचच्या वर्गात हे होत नाही, ड्रॉइंग हॉल बुक करा, चार्ट पेपर आणि मार्कर स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवा, स्टोअरमधून येईपर्यंत सेमिस्टर संपतं.

डेटा अर्धाच द्या. नकाशा आणि पावसाचे आकडे मंगळवारी, नाल्याचा आडवा छेद मागितला तरच द्यायचा, म्हणून त्याच्या कॉपी कपाटात वेगळ्या ठेवा. जागेवर जाऊन बघा म्हणायचं असेल तर कोरड्या दिवशी आणि सोबत जाऊनच, पावसात नदीकाठी एकट्याने जायचं नाही हे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेखी टाका.

मार्कांचं पहिल्याच दिवशी सांगून टाका नाहीतर सगळी चर्चा मार्कांवरच होते. मी ग्रुपच्या रिपोर्टला निम्मे ठेवतो आणि निम्मे शुक्रवारच्या शेवटी दहा मिनिटांच्या एकट्याच्या टेस्टला, आकडे बदललेला तोच प्रॉब्लेम, म्हणजे फुकट बसणारा लगेच कळतो. आणि रिझल्ट वाढेल असं वर कोणाला प्रॉमिस करू नका. मेडिकलवाल्यांचे पीबीएलवरचे 1993 चे जे मोठे आढावे आहेत त्यातही पोरांना पद्धत आवडली, पेशंटसमोरचं काम बरं झालं, पण बेसिक सायन्सच्या पेपरात फायदा दिसला नाही, कधी कधी थोडे मागेच पडले. म्हणून अख्खा विषय यावर नेऊ नका, सेमिस्टरला दोन प्रॉब्लेम पुरे, बाकी फळा-खडू चालू राहू द्या. सरळ डेरिव्हेशन असेल तिथे हे सगळं करणं म्हणजे उगाच वेळ घालवणं.

शुक्रवार संपताना वीस मिनिटं स्वतःसाठी राखून ठेवा, कोणत्या ग्रुपचं काय चुकलं ते तेव्हा स्पष्ट सांगायचं, तोपर्यंतचं सगळं मौन तिथे सोडायचं. आणि पुढच्या वर्षी सराफ बाजार काढून दुसरी जागा घ्या, कारण यंदाचे आठही रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग करून कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पोचलेत, मी स्वतः बघितलेत.