पाणमोट फुटली की आधी घड्याळ बघा

मी 32 वर्षं लेबर रूममध्ये नर्स होते. तरी धाकट्या सुनेची पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तेव्हा माझ्याच घरात तीन तास वाया गेले. इंदूरला लोकमान्यनगरात आमचं घर, रात्रभर पाऊस. तिने दोनदा कपडे बदलले, पण संकोचाने मला उठवलं नाही. तिला वाटलं, लघवी सुटतेय. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता पाणी गेलं?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

म्हणून सांगते. शंका आली तर लघवी करून या, कोरडा पांढरा पॅड लावा आणि अर्धा तास पडून राहा. उठताना, खोकताना पुन्हा ओलं झालं, लघवीचा वास नसला, तर ते गर्भजल समजा. भसकन येईलच असं नाही, थेंब थेंबही येतं. वेळ कागदावर लिहा. 18 तास उलटले की जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून डॉक्टर तास मोजतात. कळा नाहीत म्हणून घरी थांबू नका, आणि आत काही घालू नका, बोटसुद्धा नाही.

रंग बघा. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असेल तर ठीक. हिरवट म्हणजे बाळाने आतच शी केली. हिरवं, रक्ताळलेलं, वास येणारं पाणी असेल, बाळ कमी हलत असेल किंवा 37 आठवडे भरले नसतील, तर लगेच निघा. नाळ हाताला लागली किंवा दिसली तर तिला हात लावू नका. गुडघ्या-कोपरांवर ओणवं व्हा, डोकं खाली, कंबर वर, आणि घरच्यांना 108 लावायला सांगा.

हे पाणी म्हणजे बाळाचं अंथरूणच. पाचव्या महिन्यानंतर ते बहुतेक बाळाच्याच लघवीचं बनतं. बाळ ते गिळतं, छातीत खेळवतं, त्यातूनच फुप्फुसं वाढतात. 34 आठवड्यांच्या सुमारास साधारण 800 मिली असतं, चार पेले. त्यामुळे नाळ चेपत नाही, हातपाय हलायला जागा मिळते. सोनोग्राफीत ए.एफ.आय., म्हणजे या पाण्याचं माप, 5 सेंटीमीटरच्या खाली आलं तर नुसत्या नारळपाण्यावर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि तो भिजलेला पॅड फेकू नका. पिशवीत घालून सोबत न्या, नर्सला दाखवा.