घर आवरताना काय ठेवावे आणि काय काढावे : या चुका टाळा

गोव्यातील बहुतेक हिंदू घरांत मोठी आवराआवर चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात होते, आणि पहिली चूक तिथेच घडते. त्या दिवसांत हवेत एवढा दमटपणा असतो की कापडाला कुबट वास येतो, लाकडावर पांढरी बुरशी दिसते, कागद हाताला ओलसर लागतात, आणि त्यामुळे चांगली वस्तूही टाकाऊ वाटू लागते. शिवाय चार दिवसांवर पाहुणे आलेले असल्यामुळे जे समजत नाही ते एकतर भंगारवाल्याकडे जाते किंवा गाठोडे बांधून माळ्यावर. चतुर्थीच्या आधी घर झाडावे, पुसावे, रंगवावे. मात्र काय ठेवायचे हा निर्णय दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांसाठी राखून ठेवावा. एप्रिलच्या कडक उन्हात दोन दिवस अंगणात ठेवलेली पेटी खरोखर कुजली आहे की केवळ ओली होती, हे आपोआप कळते.

‘वर्षभर वापरले नाही ते काढून टाका’ हा सल्ला हल्ली सर्वत्र दिला जातो. शहरातील लहान सदनिकेत तो काही अंशी उपयोगी ठरतो, परंतु आपल्या घरात तो जसाच्या तसा लावणे ही मोठी चूक आहे. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची लाकडी चौकट, मोठे पाट, आरतीचे टाळ, पन्नास माणसांच्या जेवणाचे टोप या वस्तू वर्षातून एकदाच, काही तर घरातल्या लग्नकार्यालाच बाहेर येतात आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना पर्याय नसतो. म्हणून वस्तू किती वेळा वापरली यापेक्षा ज्या प्रसंगासाठी ती आहे तो प्रसंग आपल्या घरात अजून होतो का, हे विचारावे. चतुर्थी आता दुसऱ्या भावाच्या घरी होत असेल, तर माटोळीची चौकट त्याच्याकडे गेली पाहिजे. आपल्या पडवीत ती वाळवीला सोपवण्यात काहीच अर्थ नाही.

याहून खोल चूक अशी की ‘ठेवणे’ म्हणजे काहीही न करणे असे आपण धरून चालतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात कोणतीही वस्तू आपण होऊन टिकत नाही. तिला वर्षातून एकदा तरी ऊन, वारा, पुसणे, तेलपाणी लागते. हे काम कोण करणार, याचे उत्तर ज्या वस्तूबाबत मिळत नाही ती वस्तू आपण ठेवलेली नसते, तिचा नाश केवळ पुढे ढकललेला असतो. माझ्या मते ठेवण्याची खरी कसोटी हीच आहे, आणि भावनेच्या प्रश्नांनाही ती प्रामाणिकपणे लागू पडते. आजीच्या दहा साड्या गाठोड्यात कुजण्यापेक्षा दोन निवडाव्यात, धुतलेल्या मलमलीत गुंडाळाव्यात, दरवर्षी त्यांची घडी बदलावी आणि उरलेल्या नात्यातल्या बायकांना हौसेने नेसायला द्याव्यात.

सर्वांत महाग पडते ती कागदांची चूक. जुन्या पेटीतील पोर्तुगीज भाषेतील पिवळे कागद वाचता येत नाहीत, म्हणून ते रद्दीच्या वर्तमानपत्रांबरोबर जातात. त्यांत १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचे, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधीचे जन्माचे वा लग्नाचे दाखले, खरेदीखते, इन्व्हेंतारीचे (वारसांत मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या न्यायालयीन कामाचे) कागद, जमीन नोंदणीचे उतारे असू शकतात. आज एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाव असले, तरी मालकीचा वाद न्यायालयात गेला की तेवढ्यावर भागत नाही आणि जमीन मुळात कोणाकडून कोणाकडे आली याचे जुने दस्तऐवज पाहिले जातात. जमिनी हडपण्याच्या प्रकरणांचा तपास करण्यासाठी गोवा सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, हे लक्षात घेतले तर बंद घरातील असा एखादा कागद किती मोलाचा असू शकतो हे वेगळे सांगायला नको. ज्याच्यावर शिक्का, तिकीट, सही किंवा हस्ताक्षर आहे असा कोणताही कागद, पोर्तुगीज जाणणाऱ्या वकिलाला किंवा वडीलधाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय टाकू नये. हाताने लिहिलेल्या मराठी पोथ्या आणि जमाखर्चाच्या वह्या यांनाही हाच नियम लावावा.

कागद ठेवण्याच्या पद्धतीतही चुका होतात. लॅमिनेशन केलेला जुना कागद पुन्हा सुखरूप मोकळा करता येत नाही, आणि चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरे खातो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, कागद सावलीत वाळवावेत, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ प्रती भिंतीला न टेकलेल्या कपाटात, जमिनीपासून उंचावर ठेवाव्यात. ओलसर कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले की आतली ओल आतच राहते आणि बुरशी वेगाने वाढते.

लाकडाच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो. सागवानाचा किंवा फणसाचा पेटारा जड आहे, जुनाट दिसतो म्हणून जातो, आणि त्याच्या जागी भुशाच्या फळ्यांचे कपाट येते, ज्याचे तळ दोन-तीन पावसाळ्यांत फुगू लागतात. पेटाऱ्याला भोके दिसली म्हणून तो संपला असे समजू नये. त्याच्या पायांखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवावा. कागदावर ताजा, पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे आणि औषधोपचार हवा. काहीच पडले नाही तर ती भोके जुनी असण्याचाच संभव अधिक. निकाल अनिश्चित वाटला तर पावसाळ्याच्या तोंडावर हीच तपासणी पुन्हा करावी. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी होय, आणि तेव्हा पेटाऱ्याआधी भिंत आणि जमीन तपासावी लागते.

तांब्या-पितळेची भांडी किलोच्या भावाने विकताना मात्र हात थोडा आखडता घ्यावा. न्हाणीतले तांब्याचे भाण, लामणदिवा, समई यांची घडणावळ भंगाराच्या काट्यावर मोजली जात नाही आणि तशी वस्तू आज नव्याने करून घ्यायची म्हटली तर कारागीर शोधावा लागतो. स्वयंपाकाच्या भांड्यांचा विचार वेगळा आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात सोलकढी किंवा चिंचेची आमटी ठेवू नये, म्हणून जी भांडी वापरायची असतील त्यांना कल्हई करून घ्यावी आणि कल्हईवाला मिळत नसेल तर ती पाणी साठवण्यापुरती किंवा शोभेला ठेवावीत.

आणखी एक चूक घराघरांत कटुता आणते, ती म्हणजे इतरांच्या वतीने निर्णय घेणे. आपल्याकडे लागू असलेल्या नागरी कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वारसा समान आहे आणि वाटणीच्या यादीत जंगम वस्तूही येतात. त्यामुळे वाटणी न झालेल्या घरातील समई मुंबईच्या बहिणीला न विचारता विकणे हे केवळ अविचाराचे नव्हे, तर कायद्याच्याही विरुद्ध आहे. प्रत्येक खोलीची छायाचित्रे भावंडांना पाठवावीत, उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी आणि ज्याला वस्तू हवी असेल त्याने ती प्रत्यक्ष घेऊन जावी.

तडा गेलेले प्लास्टिकचे डबे, थर उडालेले नॉनस्टिक तवे, बुरशीने काळ्या पडलेल्या कापसाच्या गाद्या, मुदत संपलेली औषधे यांवर मात्र विचार करण्यात वेळ घालवू नये. बॅटऱ्या आणि बिघडलेली विजेची उपकरणे ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता पंचायतीच्या किंवा पालिकेच्या कचरा संकलकाकडे वेगळी द्यावीत. देवांच्या जुन्या तसबिरी वडाखाली किंवा नदीत सोडण्याची सवय आता आवरली पाहिजे. काच, चौकट आणि कागद वेगळे करून कागदाचे आदराने विसर्जन घरच्या बादलीत करता येते आणि ते पाणी झाडाला घालता येते. नांगर, मापे, रहाटाचे भाग अशी जुनी अवजारे घरात जागा नाही म्हणून निघणार असतील, तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयासारख्या ठिकाणी विचारून पाहावे. तिथला संग्रह अशाच अवजारांतून आणि घरगुती वस्तूंतून उभा राहिला आहे.