वायरलेस नेटवर्कवर कॅशे प्रॉक्सी बसवताय? या चुका टाळा

कुर्ला-घाटकोपरच्या पट्ट्यात गच्चीवर सेक्टर अँटेना (एका बाजूची सगळी घरं सांभाळणारा) लावून दोन-तीनशे घरांना इंटरनेटची लाइन देणाऱ्याला महिनाअखेरीस अपस्ट्रीमचं, म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून आपण नेट घेतो तिचं, बिल बघून हमखास सुचणारी युक्ती म्हणजे एक जुना सर्व्हर टाकायचा, त्यावर स्क्विड हा कॅशे प्रॉक्सी (एकदा आलेली फाइल साठवून पुढच्या मागणाऱ्याला तिथूनच देणारं सॉफ्टवेअर) चढवायचा आणि निम्मी बँडविड्थ वाचवायची. पंधरा वर्षांपूर्वी हे गणित बऱ्यापैकी जमायचं. आता बहुतेक वेब एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) स्वरूपात आहे. ते ट्रॅफिक प्रॉक्सीतून नेलं तरी आत काय आहे ते त्याला कळत नाही, म्हणून साठवताही येत नाही. यूट्यूब, इन्स्टा, यूपीआय, सगळं त्यातच आलं.

म्हणजे पहिली चूक सर्व्हर घेण्याआधीच होते. पोर्ट ८० वर (साधं, उघडं एचटीटीपी; एचटीटीपीएसचा पोर्ट ४४३) आपलं किती ट्रॅफिक आहे, हे कुणी मोजतच नाही. रात्री नऊ ते अकराच्या गर्दीत मायक्रोटिक राउटरवर टॉर्च (चालू ट्रॅफिक दाखवणारं साधन) उघडा आणि ८० व ४४३ वेगवेगळे बघा. ८० चा आकडा किरकोळ असेल तर विषय तिथेच सोडा. विंडोज अपडेट, स्टीमवरचे गेम, उबुंटूची पॅकेजेस अशा मोठ्या फायली मात्र आजही साध्या एचटीटीपीवरून येतात. प्रॉक्सीला खरं काम उरलंय ते एवढंच.

काही जण यावर ग्राहकाच्या मोबाइलमध्ये आपलं सर्टिफिकेट टाकून एचटीटीपीएस उघडायला जातात. अजिबात करू नका. बँकेची ॲप्स बंद पडतात, आणि ग्राहकाचा पासवर्ड आपल्या सर्व्हरवर उघडा होतो. लायसन्समध्ये ग्राहकाच्या खासगीपणाची जबाबदारी आपल्यावर आहे, ती वेगळीच. यूडीपी ४४३ बंद करून क्विक (एचटीटीपीएसचा यूडीपीवर चालणारा नवा प्रकार) अडवण्याचा उद्योगही फुकटचा आहे. तेच ट्रॅफिक टीसीपीवरून, म्हणजे जुन्या वाटेने येतं आणि तिथेही ते कुलूपबंदच असतं.

सेटिंगमधल्या चुका

‘विंडोज अपडेट कॅशे होतच नाही’ ही तक्रार नेहमीची. स्क्विडमध्ये डिस्कवर ठेवायच्या फाइलची कमाल मर्यादा मुळात ४ एमबी असते. अपडेटच्या फायली त्याहून कितीतरी मोठ्या, त्या आत येणार कशा? मर्यादा वाढवा, पण ती ओळ कॉन्फिग फाइलमध्ये कॅशे डिरेक्टरीच्या ओळीच्या वर लिहा. खाली लिहिली तर काही व्हर्जनमध्ये ती त्या डिरेक्टरीला लागूच होत नाही, आणि माणूस दिवसभर लॉग वाचत बसतो.

दुसरं, विंडोज फाइल तुकड्यातुकड्यांत मागतं आणि स्क्विड सुटे तुकडे साठवत नाही. त्यासाठी रेंज ऑफसेट लिमिट ही सेटिंग उघडावी लागते, मग स्क्विड पूर्ण फाइल आणून ठेवतो. हे फक्त अपडेटच्या डोमेनपुरतं करा. सरसकट उघडलंत, तर कुणी मोठ्या फाइलचा चिमूटभर तुकडा मागितला तरी अख्खी फाइल खाली उतरेल. बँडविड्थ वाचवायला बसवलेला डबा मग बँडविड्थ खायला लागतो.

हिट (कॅशेतूनच भागलेल्या मागण्या) वाढावेत म्हणून ‘प्रायव्हेट’ हेडरकडे (‘हे पान एकाच माणसाचं, साठवू नका’ ही साइटची सूचना) दुर्लक्ष करणारे नियम नेटवरून उचलून चिकटवले जातात. त्याने एकाचं लॉगिन झालेलं पान दुसऱ्याच्या घरी उघडू शकतं. असे नियम काढून टाका.

रॅमचा हिशेबही चुकतो. ६४ बिट मशीनवर डिस्क कॅशेच्या दर जीबीमागे साधारण १४ एमबी रॅम फक्त अनुक्रमणिकेला लागते. म्हणजे ५०० जीबीला ७ जीबी. त्यात ८ जीबीच्या मशीनवर कॅशे मेमरीला ६ जीबी दिली की मशीन स्वॅपवर जातं, म्हणजे रॅमऐवजी मंद डिस्क वापरायला लागतं. मग प्रॉक्सीपेक्षा थेट लाइन बरी.

हिट शून्यावर, लॉगमध्ये ‘होस्ट हेडर फोर्जरी’

ट्रान्सपरंट प्रॉक्सीत (ग्राहकाकडे काही सेटिंग न करता राउटरच पोर्ट ८० चं ट्रॅफिक स्क्विडकडे वळवतो) हा इशारा भरभरून दिसला की लोक हॅकिंगच्या भीतीने घाबरतात. बहुतेक वेळा कारण डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सेवा) सापडतं. ग्राहकाच्या राउटरमध्ये गुगलचा डीएनएस ८.८.८.८ घातलेला, स्क्विड विचारतो अपस्ट्रीमच्या डीएनएसला. सीडीएन (एकच साइट अनेक ठिकाणच्या सर्व्हरवरून देणारं जाळं) दोघांना वेगवेगळे आयपी देतं. ग्राहक ज्या आयपीकडे निघाला तो स्क्विडला मिळालेल्या यादीत नसतो. मग स्क्विड पान पुढे पाठवतो, पण साठवत नाही. पीओपीवर (आपली मुख्य यंत्रं असलेली जागा) स्वतःचा अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर चालवा, पीपीपीओई प्रोफाइलमध्ये (ग्राहकाच्या लॉगिनची सेटिंग) तोच डीएनएस द्या आणि स्क्विडलाही तोच लावा. ज्यांनी घरी हाताने डीएनएस घातलाय त्यांचा राउटर एकदा बघावाच लागतो, त्याला इलाज नाही.

हवा तेवढीच राहते

कॅशे पीओपीवर असतो, ग्राहक दोन बिल्डिंग पलीकडे. हिट मिळाला तरी तो डेटा त्याच सेक्टरच्या हवेतून जातो. इथे एक हौशी चूक हमखास होते, ती म्हणजे कॅशे हिटला प्लॅनच्या स्पीड लिमिटमधून सूट. एकाच्या घरी गेम फुल स्पीडने उतरतो आणि त्या सेक्टरवरच्या बाकी सगळ्यांचे व्हिडिओ कॉल अडखळतात. सूट द्यायचीच तर तिलाही स्पीडची कमाल मर्यादा ठेवा, आणि कमकुवत सिग्नलच्या घरांना ती देऊच नका. ते मंद रेटवर बोलतात, त्यामुळे तेवढ्याच डेटाला सर्वांत जास्त एअरटाइम (सगळ्यांनी वाटून घ्यायचा हवेतला वेळ) खातात.

‘नेट स्लो’ म्हणून फोन आला की त्या एका ग्राहकाचा आयपी प्रॉक्सीच्या नियमातून वगळा. तरीही स्लो असेल तर स्क्विडला हात लावू नका, सिग्नल आणि सीसीक्यू (वायरलेस जोडणीच्या दर्जाचा आकडा) बघा. मुंबईत समोर नवा टॉवर उभा राहिला की काल मोकळी असलेली लाइन ऑफ साइट (दोन अँटेनांमधली सरळ, बिनअडथळ्याची रेषा) आज जाते.

रात्री तीनला काय होईल?

स्क्विड मेला तरी राउटरवरचा रीडायरेक्टचा नियम जिवंत असतो. मग एचटीटीपीएस चालतं, पोर्ट ८० ठप्प. अशी अर्धवट तक्रार पटकन सापडत नाही. नेटवॉच (मायक्रोटिकमधला आपोआप पहारा) लावा, पण पिंगवर विसंबू नका, कारण स्क्विड बंद असला तरी मशीन पिंगला उत्तर देतं. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये टीसीपी पोर्ट तपासता येतो. ज्या पोर्टवर स्क्विड ऐकतो तो तपासा, आणि उत्तर नाही आलं की रीडायरेक्ट आपोआप बंद होईल असं करा.

आणि तो पोर्ट बाहेरच्या बाजूने बंद आहे ना, हे दुसऱ्या नेटवरून तपासा. मायक्रोटिकचा अंगभूत वेब प्रॉक्सी ८०८० वर सुरू करून विसरलेले महाभागही आहेत. ओपन प्रॉक्सी सापडला की दुनियाभरचा कचरा तुमच्या आयपीवरून निघतो आणि आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो.

शेवटचा मुद्दा लॉगचा. साध्या रीडायरेक्टमध्ये पोर्ट ८० वर बाहेर एकट्या प्रॉक्सीचाच आयपी दिसतो. चौकशीचं पत्र आलं तर त्यामागचा ग्राहक फक्त स्क्विडच्या लॉगमधून सापडणार. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, त्यामुळे जागा पुरावी म्हणून रोटेशन आखडतं घेऊ नका. टीप्रॉक्सी जमत असेल तर तोच लावा, म्हणजे ग्राहकाचा आयपी स्क्विडच्या पुढेही कायम राहतो. पुढे नॅट (अनेक ग्राहकांना बाहेर एकच आयपी) असेल, तर त्याचा लॉग मात्र तरीही ठेवावा लागेल.