मराठवाड्यातल्या रस्त्यांसाठी ड्युअल स्पोर्ट गाडी कशी निवडायची आणि रोजच्या वापरासाठी तिच्यात काय काय बदलायचं

माझा रोजचा रस्ता आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळंल. माजलगावात घर, तिथून थोडा सिमेंट रोड, मग कॅनॉलच्या कडंनं मुरूम, आणि शेवटचे दीड-दोन किलोमीटर पांदन, म्हणजे दोन्हीकडं वेडी बाभूळ आणि मधी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. आठवड्यातून एकदा बीड नाहीतर परभणी. मागं कधी खताची अर्धी गोणी, कधी आई. असल्या रस्त्याला ड्युअल स्पोर्ट गाडी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी उंच गाडी, खरंच कामाला येते, पण लडाखचे रील बघून घेतली आणि लडाखचेच सामान लावले की हीच गाडी डोकेदुखी होते, आणि हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

पहिलं काम शोरूमला जायचं नाही. आठवडाभर आत्ताची गाडी चालवताना फक्त मोजा, डांबर किती, मुरूम किती, काळं रान किती, आणि किती वेळा मागं कोणीतरी बसलेलं असतं. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरच निघालं तर स्प्लेंडर पुरते, खरंच पुरते, तिचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी आणि वजन ११२ किलोच्या आसपास, दूधवाले तिच्यावर कॅन लावून जिथं जातात तिथं आपण नुसतं जायचं म्हटलं तरी घाम फुटतो. पण रोज खड्डे, दगड, पाटाचे चर असं असंल तर पुढं २१ इंची चाक आणि लांब चालीचे शॉकअप याचा फरक पहिल्याच दिवशी कंबरेला कळतो. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, लहान चाक आत शिरून बाहेर आदळतं, एवढंच साधं गणित आहे.

मग उंची. घरी भिंतीला पाठ लावून, बूट घालून उभं राहा, दोन पायांच्या मधी एक जाड वही वर घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजा. हा आकडा आणि सीटची उंची शेजारी ठेवा. हिरोच्या एक्सपल्स २०० फोर-व्हीची सीट ८२५ मिमी, तिच्याच प्रो मॉडेलची ८९१, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची ८२५ आणि ती ८४५ पर्यंत वर करता येते, कावासाकी केएलएक्स २३० ची ८८०. जुनी हिमालयन ४११ मात्र ८०० च होती, म्हणून बुटक्या माणसांना ती अजून आवडते. आकडा सीटपेक्षा पाच-सहा सेंटिमीटरनं कमी असला तरी घाबरू नका, कारण तुम्ही बसल्यावर गाडी खाली दबते आणि थांबताना ढुंगण एका बाजूला सरकवून एक पाय नीट टेकला की झालं. मी साडेपाच फुटाचा आहे, डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. पण ट्रायल घेताना शोरूमच्या फरशीवर बसून ठरवू नका, जिथं जमीन एका बाजूला उतरती आहे तिथं थांबवून बघा, कारण आपल्याकडं गाडी पडते ती पळताना नाही, गेटसमोर थांबताना पडते.

आता गाड्या. आपल्याकडं २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली होती, १५० सीसी, लोकांनी तेव्हा तिला हसून सोडलं आणि आता सेकंड हँड शोधत फिरतात. एक्सपल्स २०० आली २०१९ ला आणि मग रस्ता मोकळा झाला. तिचं वजन साधारण १६० किलो, टाकी १३ लिटर, पुढं २१ मागं १८ चं स्पोकचं चाक. २०२५ ला एक्सपल्स २१० आली, तिला लिक्विड कूलिंग आहे, हायवेला जास्त जाणाऱ्यानं ती बघावी. हिमालयन ४५० ला ४० पीएस ताकद आणि १७ लिटर टाकी, सोलापूर-नांदेड करणाऱ्याला मस्त, पण वजन १९६ किलो, आणि जुलैत काळ्या रानात ती आडवी झाली की एकट्यानं उचलून दाखवा. केएलएक्स १३९ किलोची पिसासारखी, पण टाकी ७.६ लिटरचीच. अजून एक पैशाची गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर ४० टक्के, त्यामुळं छोट्या-मोठ्या गाडीतलं अंतर आता अजून वाढलंय. माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी २०० ते २५० सीसी, आणि दोन गाड्यांमधी अडकलात तर हलकी घ्या. आणि हो, मोठी गाडी घेतली म्हणजे समृद्धीवरून संभाजीनगरला सुसाट जाऊ असं कोणाच्या मनात असंल तर समृद्धीवर टू-व्हीलरला बंदीच आहे.

सेकंड हँड घेत असाल (मी तीच घेतली) तर रंग बघू नका, खाली झोपून बघा. इंजिनच्या खाली दगडाचे घाव किती खोल आहेत, फ्रेमला कुठं वेल्डिंग मारलंय का. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध टक्कन अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला. मागचं चाक धरून आडवं हलवा, खडखड आली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश नाहीतर चाकाची बेअरिंग. फोर्कच्या नळीवर तेलाची चिकट रेघ दिसली तर ऑईल सील फुटलंय. शेवटी सीट काढून वायरिंग बघा, काळ्या टेपचे गोळेच्या गोळे दिसले तर पाच हजार कमी करून मागा किंवा नमस्कार करून निघा.

गाडी घरी आली की हजार किलोमीटर काहीच बदलायचं नाही. हे कोणालाच ऐकायचं नसतं. पण हजार किलोमीटरमधी गाडी स्वतःच सांगते कुठं दुखतंय, मनगट दुखतं का, गुडघा अवघडतो का, रात्री दिसत नाही का, आणि मग त्याच जागी पैसे लावायचे.

पहिले बदल फुकटातले. हँडलचे क्लॅम्प ढिले करून हँडल थोडं पुढं किंवा मागं फिरवा, ब्रेक-क्लचचे लिव्हर असे खाली करा की बसून आणि उभं राहून दोन्हीकडं मनगट सरळ राहील. मागच्या ब्रेकचं पॅडल आणि गिअरचा खटका बुटाच्या हिशोबानं वर-खाली करा. निम्म्या लोकांची रायझर (हँडल उंच करणारा तुकडा) घ्यायची गरज इथंच संपते, आणि रायझर घेतलाच तर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना ते बघा.

मग शॉकअप, आणि इथं जरा वेळ द्या कारण सगळ्यात जास्त फरक इथं पडतो आणि सगळ्यात कमी लोक याला हात लावतात. मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी स्टँडवर उचला, मागच्या ॲक्सलपासून सरळ वर मागच्या प्लास्टिकवर एक खूण करा आणि अंतर मोजा. आता गाडी खाली घ्या, रोजचे बूट-हेल्मेट घालून बसा, कोणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा आणि तेच अंतर परत मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. हा मागच्या शॉकअपच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास पाहिजे, म्हणजे चाल १७० मिमी असली तर ५५ च्या आसपास. जास्त दबत असली तर शॉकअपची रिंग फिरवून प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा, कमी दबत असली तर ढिला करा. आई मागं बसणार असली की मी दोन घर वाढवतो आणि घरी आल्यावर परत उतरवतो, दोन मिनिटांचं काम आहे. उंची कमी करायला काहीजण मागच्या शॉकअपची लिंक (जोडपट्टी) बदलून गाडी खाली बसवतात, ते मला पटत नाही, चांगली चाल मिळावी म्हणून पैसे द्यायचे आणि मग तीच कापायची. त्याच्यापेक्षा सीटवाल्याकडून फोम दोन्ही कडंनी तासून घ्या, पाय आपोआप सरळ खाली जातो.

टायर. डोंगराच्या फोटोत दिसणारे मोठ्या गोट्यांचे टायर रोजच्याला घेऊ नका, डांबरावर गुंई आवाज करतात, ओल्या सिमेंटवर सटकतात आणि पटकन घासतात. निम्मं डांबर, निम्मा कच्चा रस्ता अशा वापरासाठी बनवलेले टायर पुरतात. आणि खरं सांगायचं तर ओल्या काळ्या मातीत कोणताच टायर चालत नाही, ती माती टायरला गुंडाळून मडगार्डमधी भरते आणि चाक जागेवर बसतं. पुढचा मडगार्ड उंच असला तर थोडं लांब जाता येतं एवढंच. एक काडी सोबत ठेवा, नाहीतर गाडी रोडला लावून चालत जा, मी जातो.

खरा दुश्मन बाभळीचा काटा. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळं ट्यूबलेसवाली दोरी घुसवायची पट्टी इथं कामाची नाही, आणि २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडं मिळंलच असं नाही. म्हणून सीटखाली नाहीतर बॅगेत एक २१ ची ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि दोन्ही ॲक्सलचे बरोबर मापाचे पाने. एकच ट्यूब ठेवायची तर २१ चीच ठेवा, अडीअडचणीला ती मागच्या १८ च्या चाकात दुमडून बसते आणि घरापर्यंत येता येतं. आणि हे काम एकदा घरी सावलीत करून बघा. हवा पूर्ण सोडा, व्हॉल्वच्या बरोबर समोरची टायरची कड पायानं दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग लिव्हर व्हॉल्वच्या बाजूनं लावा, टायर सैल पडून निघतो. बसवताना उलटं, शेवट व्हॉल्वजवळ करा. जोर लावायला लागला म्हणजे समोरची कड वर आलीय असं समजा, अजून जोर लावला तर लिव्हर नवी ट्यूबच चिमटतो, मी पहिल्यांदा तेच केलं होतं. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणं ठेवा, मुरमासाठी दोन-तीन पॉइंट (पीएसआय) कमी चालतात, त्याच्यापेक्षा कमी केली की दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात.

इंजिनखाली कंपनीची बॅशप्लेट (दगडापासून वाचवणारा पत्रा) पातळ असंल तर जाड ॲल्युमिनियमची लावा, हँडगार्ड लावा, कारण गाडी पडल्यावर लिव्हर तुटलं की तिथंच बसावं लागतं. लेगगार्ड मर्जी.

लाइटवर मात्र बोलायचंच आहे. ऊसतोडीच्या हंगामात रात्री रोडवर उभी ट्रॉली, मागं ना लाइट ना रेडियम, वर ऊस बाहेर आलेला, हे ज्यानं बघितलंय त्याला जादा लाइट का लागतात ते सांगायला नको. पण मी पहिल्यांदा दोन ४० वॅटचे लाइट हौसेनं थेट हेडलाइटच्या वायरीतून जोडले. ८० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ पावणेसात अँपिअर, ती बिचारी बारीक वायर आणि तो चिमुकला स्विच, आठव्या दिवशी जळका वास आणि अंधार. बरोबर पद्धत अशी, बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज, मग रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा खटका), आणि स्विचमधून फक्त रिलेचा करंट. दोन २० वॅटचे पुरेसे आहेत. तोंड खाली ठेवा, समोरून गाडी आली की बंद करा.

सायलेन्सर बदलू नका. आवाज पांदनीतल्या बैलांना आवडत नाही हे एक, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही हे दुसरं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच उचलून धरलंय. लावलेलं महागाचं सामान विम्यात लिहून घ्या. गाडी हायवेला फार ओरडत असली तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दातानं मोठं करता येतं, १३ चं १४ केलं की त्याच स्पीडला इंजिन सात टक्क्यांनी सावकाश फिरतं, पण मग पहिल्या गिअरमधी चिखलातून निघताना क्लच जळतो. मी करून परत काढलं.

मागचं कॅरिअर घ्या, पण साडीगार्ड आणि मागचं हँडल काढू नका. पोरं ते दिसायला बरं नाही म्हणून काढून फेकतात. नियमातच मागचं चाक निम्मं झाकायला सांगितलंय, आणि पदर किंवा ओढणी स्पोकमधी गेली की काय होतं ते आमच्या गल्लीनं बघितलंय. आईला चढायला उंच पडतं, तर मी तिला डावीकडचा ओटा धरून बसवतो आणि उतरायला पण ओट्यालाच गाडी लावतो.

मेंटेनन्स धुळीच्या हिशोबानं करा, पुस्तकातल्या किलोमीटरच्या नाही. ऊसवाहतुकीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर उघडून बघा. चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल लावा, पेट्रोलनं धुऊ नका, चेनच्या कड्यांमधल्या ओ-रिंगचं रबर जातं. आणि महिन्यातून एकदा चाक फिरवत प्रत्येक स्पोकवर पान्यानं हळूच टिचकी मारा. टिंग वाजला तर ठीक. एखादा थड असा मेल्यासारखा वाजला तर तो ढिला आहे, पाव फेरीच आवळा आणि चाक डुगडुगतंय का बघा, डुगडुगत असलं तर पुढं हात लावू नका, चाकाचं आउट काढणाऱ्याकडं न्या, असा माणूस तालुक्याला एखादा-दुसराच असतो आणि तो बहुतेक सायकलच्या दुकानात बसलेला असतो.