गावच्या उमेदवाराची ओळख करून देताना या चुका टाळा

गोव्यातल्या एका जिल्हा पंचायत निवडणुकीत मी सत्तरीतल्या एका निवृत्त अंगणवाडी शिक्षिकेचे पत्रक लिहिले होते. 'तळमळीच्या समाजसेविका, गोरगरिबांच्या कैवारी, सदैव जनसेवेत मग्न' असा मजकूर होता. मला तो तेव्हा आवडलाही होता. संध्याकाळी एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीवर, बैठकीला गेलो. अंगणात एक आजी सुपारी सोलत बसल्या होत्या आणि नातू त्यांना पत्रक वाचून दाखवत होता.

"ह्या कोण रे?" आजींनी विचारले.

"अगं, आपल्या अंगणवाडीच्या बाई."

आजींनी हातातली सुपारी सुपात टाकली आणि माझ्याकडे वळल्या. "मग तसं लिहा ना, भाऊ. ओढ्यावरचा साकव वाहून गेला तेव्हा ह्या बाईंनी सहा दिवस आमच्या ओसरीवर पोरं सांभाळली. पेजसुद्धा इथंच शिजवली. ते कुठं आहे ह्यात?"

ते त्यात नव्हते. वीस वर्षे ज्यांनी आपली मुले बाईंच्या हाती सोपवली, त्यांनाच बाई ओळखू येणार नाहीत असे मी लिहिले होते. सगळ्यात मोठी चूक हीच आणि ती जवळजवळ प्रत्येक पत्रकात दिसते. 'समाजसेवक' हा शब्द सगळेच उमेदवार लावतात, त्यामुळे त्यातून कोणाचीच ओळख होत नाही. त्याऐवजी काम लिहा: कुठल्या वाड्यावर, कुठल्या पावसात, कोणाच्या ओसरीवर. अशी तीन वाक्ये सापडली की पत्रक झाले. ती सापडत नसतील तर उमेदवाराला विचारत बसू नका, शेजाऱ्यांना विचारा. खऱ्या काम करणाऱ्या माणसाला आपले काम सांगता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

हातात नसलेले देऊ नका

गोव्यात उत्तर आणि दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती आहेत, प्रत्येकी 25 जागांच्या. अधिकार आणि निधी दोन्ही तुटपुंजे. तरी पत्रकावर खाणी सुरू करण्यापासून नोकऱ्यांपर्यंत सगळे छापले जाते. ते काम राज्य सरकारचे आहे आणि लोकांना हे चांगले ठाऊक असते.

सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत सगळ्यात नाजूक विषय जमिनीचा. 'जमीन नावावर करून देऊ' असे कधीही लिहू नका. पिढ्यान् पिढ्या काजूची बाग राखणाऱ्या माणसाने हे वाक्य दर निवडणुकीला ऐकलेले असते. पण इथे जिल्हा पंचायत सदस्याला एक खरे काम आहे आणि ते कोणी सांगतच नाही. 2006च्या वनहक्क कायद्याखाली वनजमिनीवरच्या हक्काचा दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे आणि ग्रामसभेत जातो, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे. त्या जिल्हा समितीवर जिल्हा पंचायतीने नेमलेले तीन सदस्य असतात. म्हणजे आपला माणूस तिथे बसू शकतो, अडकलेल्या दाव्याबद्दल विचारू शकतो. 'मला त्या समितीवर जायचे आहे आणि आपल्या गावचे दावे कुठे थांबलेत ते मी दर ग्रामसभेला येऊन सांगेन' एवढेच लिहा. हे वचन पाळता येते आणि पाळले की नाही ते लोकांना मोजता येते.

मजकूर उसना घेऊ नका

महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी पत्रकाचा नमुना मोबाइलवर येतो, नाव-फोटो बदलून तोच छापला जातो. मग त्यात 'जिल्हा परिषद', 'तहसीलदार', 'ग्रामसेवक' तसेच राहतात. आपल्याकडे जिल्हा पंचायत, मामलेदार आणि पंचायत सचिव आहेत. मामलेदार कचेरीत चार फेऱ्या मारलेला माणूस 'तहसीलदार' वाचतो तेव्हा त्याला कळते की हे आपल्यासाठी लिहिलेले नाही. पत्रक साध्या मराठीत असू द्या आणि बैठकीत कोकणीत बोला. आपल्या घरांत हे असेच चालते.

महिला राखीव जागेवर उमेदवार बाई आणि पत्रकावर मोठा फोटो नवऱ्याचा, हे मला अजूनही पाहवत नाही. एक तृतीयांश जागा महिलांसाठी आहेत त्या बाईंनी बसावे म्हणून. बैठकीत आधी त्यांना बोलू द्या. शब्द अडखळले तरी चालतील.

जत्रेत नाटकाचा पडदा वर जाण्याआधी माइक मिळतो, हा मोह टाळा. देवस्थानाच्या जागेत प्रचार आचारसंहितेत बसत नाही, आणि गावातल्या दुसऱ्या गटाला देवळापासून तोडण्याचे पाप आपल्या माथी येते. पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता घाला. विधानसभा-लोकसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे ही सक्तीच आहे. जिल्हा पंचायतीलाही हीच शिस्त ठेवावी.

बैठकीची वेळ ठरवताना औद्योगिक वसाहतीतून परतणारी बस वाड्यावर कधी पोचते ते विचारा. सहाची बैठक ठेवली तर मोकळ्या खुर्च्यांशी बोलावे लागेल.

चूक होऊन गेली असेल तर

आमच्या दुसऱ्या पत्रकात 'बाईंनी नवा साकव मंजूर करून आणला' असे छापून गेले. खरे तर अर्जावर सगळ्या वाड्याच्या सह्या होत्या आणि बाईंची त्यांत एक. दोन दिवसांत कुजबुज सुरू झाली. कार्यकर्ते म्हणाले, गप्प बसा, विसरतील. बाई ऐकेनात. त्या त्याच अंगणात गेल्या, पत्रक हातात धरले आणि म्हणाल्या, "हे चुकीचं छापलंय. अर्ज तुम्ही सगळ्यांनी केला होता, मी फक्त तो टपालात घातला." मग पेनाने ती ओळ खोडली आणि पत्रक आजींकडे दिले. आजींनी ते घडी घालून कॅलेंडरच्या मागे खोचले. उरलेल्या गठ्ठ्यावरची ती ओळ आम्ही रात्री बसून एकेका पत्रकावर खोडली.