हिवाळी भाज्यांचे बी घालण्याचे दिवस : इंदूरच्या परसबागांसाठी सल्ला

गौरी जेवून गेल्या की इंदुरात परसात आणि गच्चीवर हिवाळी भाज्यांचे बी घालण्याची वेळ होते. मालव्यातला पाऊस तोवर पूर्ण गेलेला नसतो. तो साधारण सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी परततो, आणि मधल्या आठवड्यांत एखादी जोराची सर नुकतेच घातलेले बी मातीसकट वाहून नेते. पाऊस पुरता थांबण्याची वाट पाहिली, तर टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपे नोव्हेंबरात लावावी लागतात व झाड अंग धरू लागते त्याच वेळी थंडीने त्याची वाढ खुंटते. म्हणून या तिन्हींचे रोप पावसाच्या दिवसांतच, पण पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला तयार करावे. पितृपक्षात नवे काम नको म्हणून अनेक घरांत बी घालणे घटस्थापनेपर्यंत लांबते. हा नेम पाळायचा असेल त्यांनी अनंत चतुर्दशीच्या आधीच बी घालून मोकळे व्हावे, कारण ते पंधरा दिवस टोमॅटोला पुढे फार महाग पडतात.

बी उगवले नाही की आपण बियाण्याला दोष देतो. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा बी मरते ते पाण्याने. मालव्याची काळी माती चिकण असते; ती भिजली की फुगते आणि तिच्यातली हवेची बारीक पोकळी पाण्याने भरून जाते. अंकुरणाऱ्या बीला पाण्याइतकीच हवाही लागते, आणि ती न मिळाल्यास बी दोन-तीन दिवसांत मऊ पडून कुजते. हीच माती वाळली की वर पापुद्रा धरते व बारीक कोंभाला तो फोडता येत नाही. या दोन टोकांच्या मधली स्थिती म्हणजे वाफसा. तो ओळखण्यासाठी वाफ्यातली मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. लाडू फुटून माती भुसभुशीत पसरली तर वाफसा आला असे समजावे; तो चपटा होऊन तसाच राहिला, किंवा तळव्याला माती चिकटून राहिली, तर आणखी एक-दोन दिवस थांबावे. ओल्या काळ्या मातीत खुरपे घातले तर तिची ढेकळे वाळून विटेसारखी घट्ट होतात, आणि मग त्या वाफ्यात तो हंगामभर बारीक बी उगवत नाही.

रोपांसाठी निव्वळ काळी माती मुळीच घेऊ नये. चाळलेली माती, पूर्ण कुजलेले खत आणि जाड वाळू समप्रमाणात मिसळावी, किंवा गच्चीवर वजन नको असेल तर दोन भाग कोकोपीटला, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाला, एक भाग गांडूळखत घ्यावे. खताच्या बाबतीत इंदूरकरांना दूर जायला नको. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी जी खत करण्याची रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग तीनदा उलथायचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. गोठ्यातली माती आता शहरात मिळत नाही, पण हवा आणि ओल यांचा तोल राखून ढीग उलथत राहण्याचे तत्त्व घरच्या पिंपातही तसेच लागू पडते. रोपांच्या मिश्रणात घालायचे खत हातात चुरले असता पाण्याच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास आला पाहिजे. शेणाचा किंवा आंबूस वास येत असेल तर ते अजून कच्चे आहे, आणि कच्च्या खतात बुरशी व चिलटे हमखास होतात.

बियाणे घेताना पाकिटावरची चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उगवणशक्तीचा आकडा वाचून मगच पैसे द्यावेत. टोमॅटो, वांगी आणि काकडीवर्गीय भाज्यांचे बी कोरड्या जागी चार वर्षेही टिकते, भेंडीचे दोन वर्षे, पण कांद्याचे बी एका वर्षानंतर झपाट्याने मरते. मी एके वर्षी एका दुकानातून सुटे कांद्याचे बी घेतले, तारीख विचारली नाही, आणि आख्ख्या वाफ्यात बोटांवर मोजण्याइतकी पाती आली. दुसरे बी आणेपर्यंत लावणीचा मोसम निघून गेला होता. तेव्हापासून कोणतेही बी आधी तपासल्याशिवाय मी मातीत घालत नाही. त्यासाठी २० बिया मोजून ओल्या सुती फडक्यात पसराव्यात, फडके सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि रोज उघडून पाहावे. मुळा तीन-चार दिवसांत, टोमॅटो सहा ते दहा दिवसांत आणि मिरची त्याहून थोडी उशिरा पांढरे टोक बाहेर काढते. २० पैकी १४ अंकुरल्या तर उगवण ७० टक्के झाली. १० पेक्षा कमी अंकुरल्या तर ते बी टाकून द्यावे. गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बी औषध चोळलेले असते; ते मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. एक ग्रॅम टोमॅटोच्या बीत साधारण ३०० दाणे असतात, तेव्हा घरासाठी लहानात लहान पाकीटही पुरून उरते. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून घ्यावे हे बरे.

बी किती खोल घालावे याला साधा हिशेब आहे: दाण्याच्या जाडीच्या दोन-तीन पट. टोमॅटो, वांगी, मिरची आणि कोबी यांना अर्धा ते एक सेंटीमीटर पुरे होते, मटारला तीन सेंटीमीटर चालते. ट्रेमध्ये, किंवा तळाला भोके पाडलेल्या दह्याच्या डब्यांत, बी घालून वरून चाळलेले मिश्रण भुरभुरावे आणि बारीक भोकांच्या झारीने पाणी द्यावे. उगवेपर्यंत वर ओले गोणपाट ठेवावे, पण पहिले कोंभ दिसताच त्याच दिवशी ते काढावे. यात एक दिवसाचीही ढिलाई करू नये. नवरात्रात घटाभोवती आपण काळ्या मातीत धान्य पेरतो. ते देवघराच्या अंधारात उंच, पिवळे आणि लवलवते येते. घटाला ते शोभते, परंतु टोमॅटोचे रोप तसे आले की त्याची मान लांब आणि कमजोर राहते व पुढे ते पहिल्याच वाऱ्यात आडवे होते. रोपे उगवली की त्यांना सकाळचे चार तास तरी सरळ ऊन द्यावे, आणि दुपारच्या उन्हापासून व सरींपासून वर पारदर्शक प्लास्टिक किंवा शेडनेट तिरके बांधून आडोसा करावा. प्लास्टिकच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात. कोंडलेल्या दमट हवेत पुढचे दुखणे वाढते.

ते दुखणे म्हणजे रोप कोलमडणे. संध्याकाळी टवटवीत दिसलेली रोपे सकाळी मातीवर आडवी झालेली आढळतात. पाने अजून हिरवी असतात, पण मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट आणि करडा झालेला असतो. पिथियमसारख्या बुरश्या हे करतात, आणि त्यांना साचलेले पाणी, दाटी आणि कच्चे खत फार मानवते. एकदा आडवे झालेले रोप पुन्हा उभे राहत नाही, म्हणून सगळी काळजी आधी घ्यायची. बी घालण्यापूर्वी चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची भुकटी, पाण्याच्या थेंबात कालवून बीला चोळावे आणि सावलीत वाळवावे. किलोला ४ ते ५ ग्रॅम हे त्याचे प्रमाण आहे. पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी देऊ नये, कारण ऑक्टोबरात येथल्या रात्री लवकर गार होतात आणि ओली माती रात्रभर तशीच राहते. ट्रे परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्यावे, दहा मिनिटांनी उरलेले पाणी ओतून टाकावे. रोग दिसलाच तर ती रोपे आजूबाजूच्या मातीसकट उचलून टाकावीत, दोन दिवस पाणी तोडावे आणि उरलेल्यांची विरळणी करावी. विरळणी करताना हात आखडू नये. जास्तीचे रोप उपटण्याऐवजी कात्रीने कापले तर शेजारच्याची मुळे हलत नाहीत.

टोमॅटो आणि मिरचीला दुसरा धोका पांढऱ्या माशीचा आहे, कारण तीच पाने गोळा करणारा विषाणू आणते आणि त्यावर औषध नाही. उगवल्या दिवसापासून ट्रेवर ४० मेशची (इंचाला ४० भोके असलेली) नायलॉन जाळी ताणून ठेवावी, आणि आसपास ५ टक्के निंबोळी अर्क आठवड्यातून एकदा फवारावा. अर्कासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी आणि त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे.

टोमॅटो आणि कोबीची रोपे २५ ते ३० दिवसांत, वांग्याची ३० ते ३५ आणि मिरचीची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतात. त्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी करावे व ऊन वाढवावे, आणि लावणी दुपार कलल्यावर करावी. फुलकोबीच्या बाबतीत जातीची निवड चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण तिच्या जाती तापमानावर ठरलेल्या आहेत. लवकरच्या जातीचे बी आता घातले तर बटणाएवढे गड्डे येतात. पुसा स्नोबॉल गटासारख्या उशिराच्या जातीच आता घ्याव्यात, आणि त्यांचे बी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर घालावे.

मुळा, गाजर, मेथी, पालक, कोथिंबीर आणि मटार यांचे रोप करू नये. त्यांचे बी थेट वाफ्यातच घालावे. पालकाचा एक दाणा म्हणजे प्रत्यक्षात अनेक बियांचा गुच्छ असतो, म्हणून तो रात्रभर भिजवून विरळ टाकावा आणि नंतर पुन्हा विरळणी करावी. धने लाटण्याने हलके दाबून दोन फाका करावेत व बारा तास भिजवावेत. तरी कोथिंबिरीला दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी वाफा उकरून पाहू नये. गाजर काळ्या मातीत नीट येत नाही, वाकडे आणि दुफाट होते. वाळू मिसळलेल्या उंच गादीवाफ्यावर देशी लाल गाजर मात्र येते, आणि त्याच ओळीत थोडे मुळ्याचे बी मिसळले तर मुळा आधी उगवून वरचा पापुद्रा फोडतो. मटारवर खारींची आणि पोपटांची नजर असते, म्हणून दाणा वर येऊन दोन पाने फुटेपर्यंत वाफ्यावर जाळी किंवा काटेरी फांद्या ठेवाव्यात. मेथीला यांतली कोणतीच काळजी लागत नाही.

कांद्याचे बी दिवाळीच्या आसपास घालावे; एन-२-४-१ सारखी रब्बी जात घेतली तर रोपे सहा-सात आठवड्यांनी, डिसेंबरच्या अखेरीस, लावता येतात. तोवर टोमॅटोची लावणी झालेली असेल आणि बियांची निम्मी पाकिटे उरलेली असतील. ती उन्हात किंवा स्वयंपाकघरात शेगडीजवळ न ठेवता, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवावीत, आणि प्रत्येक पाकिटावर जातीच्या नावापुढे खरेदीचा महिना व वर्ष न पुसणाऱ्या शाईने लिहावे.