घड्याळाला आधी आकाश दाखवा

पहिलं वर्षभर मी धावण्याची नोंद ठेवणारं जीपीएस घड्याळ बांधायचे, दाराबाहेर पडायचे, बटण दाबायचे आणि पळत सुटायचे. घरी येऊन नकाशा पाहिला की सुरुवातीचा अर्धा किलोमीटर मी शेजारच्या तळ्यातून पळालेली दिसायचे. घड्याळच सदोष आहे असं ठरवून ते परत द्यायला निघाले होते. तेव्हा भावाने एवढंच विचारलं, "ताई, हिरवं होईपर्यंत थांबतेस का गं?"

नव्हते थांबत.

तर पहिली सवय हीच. धावणं, चालणं, जो प्रकार असेल तो निवडला की घड्याळ उपग्रह शोधू लागतं, आणि ते सापडले की पडद्यावरची खूण हिरवी होते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि आपली जागा नक्की व्हायला त्यातले निदान चार दिसावे लागतात. तीन पुरायला हवेत असं वाटतं; पण मनगटावरच्या साध्या घड्याळाची वेळ उपग्रहावरच्या अणुघड्याळाशी जुळत नाही, तो फरक काढायला चौथा लागतो. प्रत्येक उपग्रह आपला ठावठिकाणा सांगतो तोही अगदी संथपणे, सेकंदाला ५० बिट. तेवढा नीट ऐकायला अर्धं मिनिट जातं, मध्ये झाड किंवा छप्पर आलं तर जास्तच. म्हणून आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करून ठेवा. पुढच्या काही दिवसांची उपग्रहांची स्थिती त्यात आधीच उतरते आणि सकाळी काही सेकंदांत काम होतं. तरीही मी हिरवं झाल्यावर आणखी मिनिटभर मोकळ्यावर उभी राहते. बुटांच्या नाड्या तेव्हाच बांधते. जेमतेम चार उपग्रहांवर मिळालेली जागा कच्ची असते. तेवढ्या वेळात आणखी उपग्रह सापडतात आणि नकाशावरची आपल्या वाटेची रेघ स्थिरावते.

घळीत, उंच कातळाखाली किंवा उंच इमारतींमधून चालताना रेघ पुन्हा वेडीवाकडी होईल. तिथे सिग्नल थेट न येता भिंतीवर आपटून येतो, त्याला पोचायला उशीर होतो आणि घड्याळाला उपग्रह लांब वाटतो. दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारी घड्याळं (१५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्‌झ) अशा ठिकाणी बरीच बरी चालतात. मोकळ्या मैदानात मात्र मी ती सोय बंद ठेवते, नाहीतर बॅटरी उगीच जाते. नोंद 'दर सेकंदाला' ठेवा. 'स्मार्ट' नोंदीत घड्याळ मधले बिंदू गाळतं, त्यामुळे वळणं कापली जातात आणि नागमोडी वाट घड्याळापुरती सरळ होते.

अंतरावरून आयोजकांशी भांडू नका. अधिकृत शर्यतीचा मार्ग सगळ्यात जवळच्या रेषेने मोजलेला असतो. आपण वळणावर बाहेरून जातो, लोकांना ओलांडतो. माझी २१.०९७५ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन घड्याळात २१.४ भरली होती. घड्याळावरचा वेग धरून धावले, त्यामुळे ठरवलेली वेळ दीड मिनिटाने हुकली. आता शर्यतीत मी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्या बघून हाताने लॅपचं, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी नोंदवणारं, बटण दाबते.

उंचीचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे घड्याळ खोटं बोलत नाही, आपल्याला ते वाचता येत नाही. चांगल्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून ते उंची काढतं. पण दाब हवामानानेही उतरतो. एकदा तंबूत गाढ झोपून उठले तर घड्याळ म्हणत होतं, रात्रीतून तुम्ही ४० मीटर चढलात. मी हसले आणि निघाले. दुपारी डोंगराच्या धारेवर पावसाने झोडपलं. ते ४० मीटर म्हणजे ५ हेक्टोपास्कलने पडलेला दाब होता. निरोप रात्रीच आला होता.

तेव्हापासून दोन गोष्टी करते. निघताना, आणि वाटेत खिंडीत किंवा माथ्यावर, नकाशात छापलेली उंची घड्याळात भरते. आणि मुक्कामाला पोचल्यावर सेन्सर उंचीऐवजी दाबावर लावते, म्हणजे रात्रभराचा आलेख सकाळी बघता येतो. वादळाची सूचना देण्याची सोय बऱ्याच घड्याळांत असते, ती चालू ठेवा. मात्र भराभर चढताना तीच सूचना उगाचही वाजते. या सेन्सरसाठी घड्याळाच्या कडेला किंवा पाठीला बारीक भोकं असतात. त्यात घाम आणि माती साचली की उंची एकाच आकड्यावर अडून बसते. साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, झटका, वाळू द्या. टाचणी घालू नका. मी घातली होती. नवा सेन्सर बसवून मिळाला, पण फुकट नाही.

हृदयाचे ठोके. घड्याळ मनगटाच्या हाडावर नाही, हाडापासून कोपराच्या बाजूला दोन बोटं वर बांधायचं, आणि धावताना एक घर घट्ट. पाठीमागचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी मोजतो. घड्याळ हलायला लागलं की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि ते ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतं. सोप्या चालीत धावताना मला एकदा सलग वीस मिनिटं १७२ ठोके दिसत होते. घाबरून थांबले. मग लक्षात आलं की माझी मिनिटाला पावलंही १७२ पडत होती. थंडीत बोटं-मनगट गार पडलं, तिथलं रक्त कमी झालं, तरीही आकडे भरकटतात. गोंदणावर तर अनेकदा येतच नाहीत. वेगवान आणि थांबत-थांबत करायच्या सरावाला छातीचा पट्टा वापरा, आणि बांधण्याआधी त्याच्या पट्ट्या ओल्या करा. कॅलरीच्या आकड्यावरून मात्र जेवण ठरवू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणं तपासली, तेव्हा उष्मांकाच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात बरं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं होतं.

आता बॅटरी. खोक्यावरचे तास नव्या बॅटरीचे आणि एका ठराविक मोडमधले असतात. अकरा तासांच्या एका चालीत माझं घड्याळ सातव्या तासाला मेलं, तेही नेमकं डोंगराच्या दोन सोंडा फुटतात तिथे, आणि धुकं होतं. वाट घड्याळात, कागद घरी. चुकीच्या सोंडेवरून पाऊण तास उतरून परत चढलो. त्या रात्री बसून काय-काय चालू होतं ते पाहिलं: मनगट वळवलं की दिवा, फोनवरचा प्रत्येक निरोप, रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणं, दोन फ्रिक्वेन्सी, आणि नकाशाचं पान कायम उघडं. पहिल्या तिन्ही गोष्टी तुम्ही घड्याळ घेतल्या दिवशीच बंद करा. नंतर एखादीची खरंच आठवण आली तर ती तेवढी चालू करा. नकाशाचं पान वाट फुटेल तिथेच उघडा.

लांबच्या चालीला पॉवर बँक न्या. पण चार्जिंग लावल्यावर तुमचं घड्याळ नोंद चालू ठेवतं की बंद करतं, ते घरीच तपासा. वाट जीपीएक्स फाइल (नकाशावरची वाट साठवणारी फाइल) म्हणून आदल्या दिवशी भरा आणि उघडून बघा. 'पाठवली' आणि 'पोचली' यांत फरक असतो. 'आल्या वाटेने परत' ही सोय एकदा जवळच्या बागेत वापरून पाहा, धुक्यात मेनू शोधू नका. पावसात टचस्क्रीन बंद, बटणांना कुलूप. सॅकच्या पट्ट्याने दाबून माझ्या दोन चालींची नोंद अर्ध्यावर थांबवली आहे. कागदी नकाशा आता सॅकच्या वरच्या कप्प्यात असतो.

दणकट म्हणजे अमर नव्हे. 'मिल-स्टँडर्ड-८१०' ही अमेरिकी सैन्याची चाचणी-पद्धतींची यादी आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घेतल्या हे कंपनी ठरवते, म्हणून शिक्का बघून हुरळण्याआधी बारीक अक्षर वाचा. घड्याळावर लिहिलेला '१०० मीटर' हा आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. पोहायला तो भरपूर आहे, पण डुबकीच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. पाण्याखाली बटण दाबायचं नाही, जोपर्यंत तुमच्या घड्याळाच्या पुस्तिकेत चालतं असं लिहिलेलं नाही. गरम पाणी आणि साबणाने कडेचं रबर थकतं, म्हणून आंघोळीला मी ते काढून ठेवते. काचेचं म्हणाल तर मोह्‌सच्या दहापैकी मापावर वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा ७ आणि नीलम काचेचा ९, त्यामुळे नीलमावर वाळूचे ओरखडे पडत नाहीत. साध्या काचेवर पडतात. पण नीलम ठिसूळ असतो. कातळावर चढणाऱ्याने दोन्हीचा विचार करावा.

रोजची निगा दोन मिनिटांची आहे. धावून आलं की घड्याळ नळाखाली, पट्टा काढून मनगट कोरडं. पुरळ उठतो तो बहुधा पट्ट्याखाली अडकलेल्या घामाने आणि साबणाने. रात्री मनगट बदललं की माझा आठवड्यात गेला. चार्जिंगचे पितळी ठिपके पुसल्याशिवाय केबल लावू नका, ओल्या घामात वीज गेली की ते काळे पडतात. महिन्यातून एकदा पट्ट्याच्या दोन्ही पिना ओढून बघा.

आणि एक राहिलं. फोनवर चाल सगळ्यांना दिसेल अशी टाकण्याआधी सुरुवात आणि शेवट झाका. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्यावरून लष्करी तळांच्या आकृत्या उमटलेल्या लोकांना दिसल्या होत्या. आपल्या घरापाशी तर रोज एकाच वेळी रेघ सुरू होते. मी घराभोवतीचा अर्धा किलोमीटर लपवला आहे. तळं त्यातच येतं.